चार मागांचा ताल

मी सातवीतून शाळा सोडली. मास्तरांनी हात पुढे कर म्हटलं, चूक माझी नव्हती, मी हात पुढे केला नाही. मग घरी जा म्हणाले, तर घरी आलो, तो परत गेलोच नाही. मास्तर नंतर दोनदा घरी बोलवायला आले. पण मी एकदा नाही म्हटलं की नाही. आजही तसाच आहे, घरात विचारा कुणालाही.

शाळा सुटली तरी शाळेतले तीन दोस्त सुटले नाहीत. एकाच्या वडिलांचा आमच्याच पेठेत पॉवरलूमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्या मागे पत्र्याची शेड आणि तिच्यात आठ माग. टॉवेल आणि चादरी निघायच्या. घरात ते लोक तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. शाळा सोडल्यावर मी त्याच शेडमध्ये विणकर म्हणून लागलो. म्हणजे दोस्ताचा बाप माझा मालक. पण दोस्ताने त्यावरून कधी मिजास केली नाही आणि मीही कधी त्याला मालकाचा पोरगा म्हणून मान दिला नाही. दुसरा औषधाच्या दुकानवाल्याचा मुलगा. तिसऱ्याचे वडील वकिलाकडे कारकून होते, आणि हा तिसरा दिसायला देखणा, केस कॉलरवर आलेले, पँट खाली इतकी रुंद की सायकलच्या चेनमध्ये रोज अडकायची.

या देखण्याच्या घरी रेडिओ होता. बारीक सुई फिरवत बसलं की त्यावर परदेशातलं स्टेशन खरखरत लागायचं. आम्ही चौघे त्याच्या माडीवर बसून ऐकायचो. त्या गाण्यांना रॉक म्हणतात हे त्यानेच सांगितलं. त्याला कुणी सांगितलं देव जाणे. एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यातला ढोल सुरू झाला की माझे पाय आपोआप हलायचे. दिवसाचे आठ तास मागांच्या खटखटाटात उभा राहणारा माणूस मी. मला वाटलं, हे तर आपलंच आहे की.

मग आम्ही बँड काढला. साल पंचाहत्तरच्या आसपासचं असेल, आम्ही सतरा-अठराचे. औषधवाल्याच्या मामाने मुंबईहून त्याला गिटार आणून दिली होती. मालकाच्या पोराने जुन्या गिटारीला चार जाड तारा लावून स्वतःचं एक वाद्य केलं, त्यातून घूं घूं असा आवाज निघायचा. देखणा गाणार हे ठरलेलंच होतं, त्याने आम्हाला विचारलंसुद्धा नाही. आणि ढोल माझे. ढोल म्हणजे काय? वरातीच्या बँडमधल्या एका चाचांनी टाकून दिलेला एक ताशा, डाइंगवाल्याकडून आणलेला रंगाचा रिकामा पत्र्याचा मोठा डबा, आणि झांज म्हणून आईच्या पातेल्यावरचं पितळी झाकण. डबा पायाने वाजवायला शिलाई मशीनचा पायटा जोडला होता. तो मी स्वतः जोडला. शिकलेल्या तिघांपैकी एकालाही ते जमलं नव्हतं.

आता वाजवायचं कुठे? माडीवर पहिल्या दिवशी वाजवलं, तर शेजारची म्हातारी काठी घेऊन जिना चढून आली. मालकाच्या पोराच्या घरी वाजवलं, तर त्याची आत्या तेलुगूत जे काही बोलली त्याचा अर्थ त्याने आम्हाला आजपर्यंत सांगितलेला नाही. तेव्हा मालकाच्या पोराला युक्ती सुचली.

“शेडमध्ये वाजवू की बे. तितं कुणाला ऐकू येतंय?”

खरंच होतं ते. आठ माग चालू असले की शेडमध्ये तोफ उडाली तरी कळणार नाही. माझी पाळी तीनला सुटायची आणि दुसरी पाळी सुरू व्हायची. साडेतीनला हे तिघे शाळा-कॉलेजातून यायचे. मालक म्हणाले, कामात पाय घालायचा नाही, बाकी काही करा. मागांच्या मधल्या बोळातून एक माणूस कसाबसा जातो, तिथे चौघांनी एकत्र बसणं शक्यच नव्हतं. मी मागच्या कोपऱ्यात सुताच्या पोत्यांजवळ बसलो. गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीची वायर आखूड, म्हणून औषधवाला स्विचबोर्डाजवळच्या मागाला चिकटून. मालकाचा पोरगा मधल्या जुन्या मागापाशी. आणि गाणारा दाराजवळ, कारण तिथे उजेड होता आणि सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया तिथे बसायच्या. त्या त्याच्याकडे बघून हसायच्या आणि तो अजून ताणून गायचा. त्यांना काय ऐकू येत होतं? काही नाही. नुसतं उघडलेलं तोंड दिसायचं.

ज्यांनी मागावर काम केलेलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला पाहिजे. शेडमध्ये आम्ही कानाने बोलत नाही. समोरच्याचे ओठ बघायचे, हाताची खूण बघायची. चार माग पलीकडचा माणूस चहा म्हणाला की बिडी म्हणाला हे मला ओठांवरून कळायचं. तसाच आमचा बँड चालायचा. मी काठी वर केली की सुरू, गाणाऱ्याने हात खाली केला की बंद. मध्ये प्रत्येकाला आपापला आवाज तेवढा यायचा, आणि शेजारच्या मागाचा. असं आम्ही जवळजवळ वर्षभर वाजवलं. वर्षभर! रोज गाणं संपलं की चौघे एकमेकांकडे बघून मान डोलवायचो. आपल्यासारखा बँड सोलापुरात नाही याबद्दल आमच्यात कुणालाच शंका नव्हती. दुसरा बँड होता कुठे म्हणा.

गणपतीत पेठेच्या मंडळाने आम्हाला सहाव्या दिवशी संध्याकाळी सातची वेळ दिली. आमच्या आधी एक नकला करणारा, आमच्यानंतर लहान मुलांची संगीत खुर्ची. लाउडस्पीकरवाल्याने गिटार त्याच्या मशीनला जोडून दिली. आम्ही चौघे एकसारखे लाल शर्ट घालून फळ्यांच्या स्टेजवर चढलो. माझी आई पहिल्या रांगेत, तिचं झाकण माझ्याकडे. पडदा बाजूला झाला, लोक गप्प झाले.

ती शांतता मला अजून आठवते. तीन-चारशे माणसं समोर आणि माग एकही नाही. माझ्या कानात नुसतं रिकामं रिकामं झालं. मी काठी वर केली.

पुढे जे झालं त्याला वाजवणं म्हणत नाहीत. गिटार पुढे निघाली, जाड तारांवाला मागे रेंगाळला, मी माझ्या तालात ठाम, आणि गाणारा तर सगळ्यांना सोडून असा पळाला की त्याचं गाणं संपलं तेव्हा आमचं अजून अर्धं बाकी होतं. तो हात खाली करून उभा राहिला. आम्ही कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही, घाबरून खाली मान घालून वाजवत राहिलो. मग गिटार थांबली. मग घूं घूं थांबलं. शेवटी मी एकटाच डबा बडवत होतो.

समोरून एक बाई मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, पोरांची भांडणं लागल्यात का काय?”

सगळा मांडव हसला. मंडळाचा अध्यक्ष धावत स्टेजवर आला. “बास बास पोरांनो, लई छान. आता आरती हाय.” आरती तासापूर्वीच झाली होती.

मांडवामागच्या बोळात लाल शर्ट काढायच्या आधीच भांडण पेटलं.

“तूच मागं पडलास बे,” गाणारा मला म्हणाला. “ढोलवाल्याचा हात डळमळला की सगळं डळमळतंय.”

“मी मागं? तू कसा पळत हुतास? कुत्रं पाठी लागल्यागत!”

“रेडिओवरचा ढोलवाला असा वाजवतो का?”

“मग जा की, त्याला आण रेडिओतनं काढून.”

औषधवाला मध्ये पडला, पण मध्ये पडून तोही म्हणाला, “बघ, राग मानू नको. ताल धरायचं काम तुझंच हाय.” मालकाचा पोरगा खाली बघून शर्टाची बटणं काढत राहिला आणि ते मला जास्त लागलं.

गाणाऱ्याने तर पक्कं करून टाकलं होतं. म्हणाला, “मी चाचांना विचारतो. वरातीत दोन-दोन तास वाजवतात, इकडचा ताल तिकडं होत न्हाई. तू झांज घे.”

झांज! ज्याने स्वतःच्या हाताने पायटा जोडला त्याने बाजूला उभं राहून आईचं झाकण बडवायचं. शाळा सोडताना मला काही वाटलं नव्हतं, खरं सांगतो. पण त्या बोळात वाटलं. हे तिघे पुढे शिकणार, नोकऱ्या धरणार. त्यांच्या बरोबरीने बसायची माझी ती एकच जागा होती.

मी म्हटलं, “खंडेनवमीला माग बंद असतात. शेडमधीच वाजवू, सगळ्यांसमोर. माझा ताल तुटला तर ह्या काठ्या मी स्वतः चाचांच्या हातात दीन. तवर माझ्या डब्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

“मंजूर,” गाणारा म्हणाला. “मी चाचांना बोलावतोच.”

महिनाभराचा वेळ होता. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर ही बातमी शेडमध्ये माझ्या आधी पोचलेली. कांड्या भरणारी एक अक्का डबा बडवल्याची खूण करून हसत होती. मी सरळ माझ्या मागावर जाऊन उभा राहिलो. मग जॉबर मामांनी मला बोटाने बोलावलं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. आमचे मामा कानाने जवळजवळ गेलेले, पण मागावर तळहात ठेवून कुठला खिळा ढिला झाला ते सांगायचे. त्यांनी माझा डावा हात धरला आणि मी ज्या कोपऱ्यात वाजवायला बसायचो तिथल्या मागावर ठेवला. उजवा हात शेजारच्या, मधल्या जुन्या मागावर.

“काय कळतंय?” त्यांनी ओठांनी विचारलं.

आधी काही कळेना. मग कळलं. डाव्या हाताखाली ठोका लवकर येत होता, उजव्या हाताखाली उशिरा. थोडासाच फरक, पण वीस-पंचवीस ठोक्यांत दोन्ही पार वेगळे होत होते. मामांनी मला तसंच स्विचबोर्डाजवळ नेलं, दाराजवळ नेलं. कुठल्या मागाचा पट्टा ढिला, कुठल्याची मोटर नवी. चारही मागांची चाल वेगळी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. विणकर असून हे कसं माहीत नसेल? पण कधी जोडून बघितलं नव्हतं.

मामा मला शेडबाहेर घेऊन गेले आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, “येड्यांनो, वर्सभर तुमी चौघं चार मागांच्या मागं चालताय. त्यो दाराजवळचा तर नवा माग हाय, पळणारच की. तुमचा स्वतःचा ताल कुटं हाय?”

आणि हसत सुटले. इतके हसले की खोकला लागला.

मी तीन दिवस ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. कारण सांगायची म्हणजे माझाही ताल माझा नव्हता हे सांगायला लागलं असतं. पण चौथ्या दिवशी विचार केला, न सांगता काठ्या गेल्या तर काय उपयोग? तिघांना बोलावलं आणि म्हटलं, “जॉबर मामांचं असं म्हणणं हाय.” माझं चुकलं असं मी म्हटलं नाही. मामांचं म्हणणं सांगितलं, बास.

औषधवाला डोक्याला हात लावून बसला. मालकाचा पोरगा आत जाऊन चारही मागांवर हात ठेवून आला आणि म्हणाला, “खरं हाय बे.” गाणारा म्हणाला, “असंल. पण ढोलवाला तूच हाईस.” तेही खरं होतं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आम्ही सायकली काढल्या आणि अक्कलकोट रोडने लांब गेलो. आता तिकडे सगळे कारखाने झाले, तेव्हा थोडं पुढे गेलं की नुसता माळ होता. डबा माझ्या कॅरिअरला बांधलेला, ताशा गळ्यात. लोक थांबून विचारायचे, वरात कुठली. माळावर एका बाभळीखाली बसलो. वीज नाही, मशीन नाही, माग नाही. वारा तेवढा होता. गणपतीत घाबरून कुणी कुणाला धड ऐकलं नव्हतं, तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा आम्ही एकमेकांना नीट ऐकलं.

दोन ओळी झाल्या असतील, औषधवाल्याने गिटार थांबवली.

“थांब थांब. तू असा गातोस?”

“असा म्हंजे?” गाणारा म्हणाला.

“म्हंजे रोज असाच गातोस?”

“मग कसा गाऊ?”

मालकाच्या पोराने तोंडाला हात लावला. मग मला फुटलं. मग औषधवाल्याला. देखण्याचा आवाज असा होता, जशी गंजलेली कप्पी. आम्ही त्याला वर्षभर नुसता बघितला होता, ऐकला कुणीच नव्हता! आम्ही तिघे माळावर अक्षरशः लोळलो. तो आधी लाल झाला, सायकल उचलून निघाला, वीस पावलांवर जाऊन उभा राहिला आणि मग तोही हसायला लागला. परत येऊन म्हणाला, “आणि तुझी गिटार? शेळी वरडल्यागत वाजतीया.” त्या दिवशी वाजवणं कमी झालं आणि हसणं जास्त. पण भांडण तिथेच मिटलं. पैज मात्र मिटली नाही. मी मिटू दिली नाही आणि त्यानेही नाही.

पुढच्या प्रत्येक सुट्टीला आणि मधल्या दिवशी जमेल तसं आम्ही माळावर गेलो. औषधवाल्याने गाणाऱ्याला सूर धरायला लावला, खालच्या पट्टीत तो बरा गायचा. पण ताल जमेना. मागांशिवाय माझा हात खुशीत आला की पळायचा आणि दमला की बसायचा. मी रात्री अंथरुणात मांडीवर, दिवसा मागावर उभा असताना टाचेने ठोके मोजायचो, तेही मुद्दाम त्या मागाच्या ठोक्याला सोडून. हे किती अवघड असतं ते करून बघा. माग एकीकडे ओढतो, टाच दुसरीकडे. पहिले आठ दिवस माझ्याकडून सूत तुटत होतं आणि मालक ओरडत होते. पण माझा हट्ट. दहाव्या-बाराव्या दिवशी टाच माझी झाली. माग खटखटत राहिला आणि मी माझा माझा चालत राहिलो.

आणि बाकीच्यांना तो ताल द्यायचा कसा, तेही मलाच सुचलं. म्हटलं, आपल्याला कानाने ऐकायची सवयच नाही, तर डोळ्यानेच ऐका. सगळ्यांनी माझी टाच बघायची. गाणाऱ्याने म्हटलं, “गाताना तुझा पाय बघू? लोकांकडं पाठ करू?”

“कर. तुझं तोंड सगळ्यांनी बघितलंय.”

खंडेनवमी उजाडली. सकाळी सगळे माग पुसले, आडवं सूत नेणारे धोटे धुतले, प्रत्येक मागाला झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ. कामगारांच्या बायका-पोरं आलेली, नवी लुगडी, पेढे, चिवडा. बारा वाजता पूजा आटोपली. शेड इतकी गप्प मी कधीच बघितली नव्हती, पण या वेळी त्या शांततेची भीती वाटली नाही. चाचा दारात उभे होते, स्वच्छ पांढरा सदरा, हात पाठीमागे. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मीही हलवली.

तिघे माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

“अय पोरांनो, पाव्हण्यांकडं पाठ?” एक म्हातारा विणकर ओरडला.

“आजोबा, तोंड बघून मागच्या वेळी काय मिळालं?” मालकाचा पोरगा म्हणाला. लोक हसले. मी टाच उचलली.

काय सांगू. पहिल्या चार ठोक्यांतच कळलं. गिटार आली ती बरोबर माझ्या टाचेवर आली. जाड तारा खालून लागल्या, त्याचा घूंकार पत्र्याच्या छपराला भिडला. गाणारा गायला लागला, इंग्रजीच म्हणायचं, पण शब्द त्याने स्वतःच भरलेले. आणि चौघांचा मिळून एकच आवाज निघाला. एक! माझ्या अंगावर काटा आला. तरी टाच चुकू दिली नाही. दुसऱ्या गाण्याला कांड्या भरणाऱ्या अक्कांनी टाळ्या धरल्या. त्यातली जी मला डबा बडवून चिडवायची ती सगळ्यात पुढे. तिसऱ्याला दोन म्हाताऱ्या विणकरांनी हातात हात धरून मागांच्या बोळात असा नाच केला की एका मागाचा हार तुटून पडला. मालक ओरडतील वाटलं, तर मालक स्वतःच टेबलावर बोटं वाजवत होते. जॉबर मामांना ऐकू येत नव्हतं, ते माझ्या डब्यावर तळहात ठेवून बसले होते. गाणं संपल्यावर त्यांनी नुसता अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. माग नीट लागला की ते तसं दाखवायचे.

गाणारा चाचांकडे गेला. शब्दाचा पक्का होता तो. म्हणाला, “बोला चाचा. तुमी ऐकलं. काय करायचं?”

चाचा पेढा खात होते. सावकाश संपवला, हात सदऱ्याला पुसला.

“इसकू निकालके मेरेकू लेनेवाले थे क्या तुम?”

“व्हय.”

“पागल हुए क्या बे? मैं वरात का आदमी. वरात मेरे पीछे चलती, मैं घोडे की चाल पे. इसके पीछे तुम चलते. इसकू नक्को छेडो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लेकिन वो झाकन माँ कू वापस दे. झांज मैं देता.”

माझी आई बायकांत बसली होती, ती सगळ्यात मोठ्याने हसली.

लोक अजून एक, अजून एक म्हणून ओरडत होते. औषधवाल्याने गिटारची वायर पुन्हा नीट खोचली. गाणारा जागेवर आला. तो नेहमी स्वतःच एक-दोन-तीन म्हणून सुरू करायचा, कुणाची वाट बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं. या वेळी त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्या पायाकडे बघत उभा राहिला. मी कपाळ पुसलं. काठ्या बदलल्या. पायट्याचा स्क्रू घट्टच होता, तरी वाकून तो बघितला.

“टाक की बे आता,” तो दात खाऊन म्हणाला.

“थांब जरा,” मी म्हटलं, आणि त्याला अजून थोडा थांबवला.